शर्यतीचे पट आणि गळालेलीं घरें

दिंडोरीचें नांव निघालें म्हणजे इतिहासाच्या वाचकास १६७० सालची लढाई आठवते. सुरतेची दुसरी लूट घेऊन परतणाऱ्या शिवछत्रपतींच्या सैन्यानें वाट अडविणाऱ्या दाऊदखानाच्या मोंगल फौजेचा वणी-दिंडोरीच्या परिसरांत मोड केला, हें शाळेंतल्या मुलासहि ठाऊक असतें. त्या लढाईवर बखरकारांनीं लिहिलें, मागाहून संशोधकांनीं लिहिलें, आणि तें योग्यच झालें. परंतु याच गांवच्या माजघरांतून, पावसाळ्याच्या लांबलचक दुपारीं, पिढ्यान्‌पिढ्या ज्या बिनरक्ताच्या शर्यती चालल्या, त्यांचा वृत्तांत कोणीं लिहून ठेवला आहे? तलवारीचा इतिहास दप्तरांत सांपडतो; सोंगटीचा इतिहास माळ्यावरच्या पेटींत पडून असतो, आणि पेटीस वाळवी लागते. आज या विषयाकडे वळण्यास आम्हांस एक लहानसें कारण घडलें.

गेल्या दिवाळींत दिंडोरीस आमच्या घरीं माळ्यावरची एक जुनी पेटी खालीं उतरविली. तींत लाल-काळ्या कापडाचा, चार भुजांचा सोंगट्यांचा पट निघाला, आणि त्याच्या घडींत एक जाड कागद. कागदावर चौकटी आंखलेल्या, चौकटींवरून साप व शिड्या गेलेल्या, आणि प्रत्येक चौकटींत बारीक बाळबोध अक्षरांत एक एक नांव लिहिलेलें. वरचा डावा कोपरा वाळवीनें खाल्लेला. आमचा नातू जवळच भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मोटारींच्या शर्यतींत गुंतला होता. त्यानें मान वर केली व म्हणाला, “आजोबा, हें तर लुडो आणि सापशिडी! पण घराघरांत एवढें लिहिलें कशाला आहे?” आम्ही उत्तर देण्यापूर्वीच त्यानें पुढें सांगितलें कीं, तो खेळतो त्या जातीच्या शर्यतींचीं जपानी व विलायती रूपें निराळीं असतात, आणि त्यांतून वगळलेलें पुष्कळ कांहीं हौशी लोकांनीं शोधून काढलें आहे. मुलाच्या या दोन वाक्यांनीं आम्ही विचारांत पडलों. शर्यतीचा खेळ एका देशांतून दुसऱ्या देशांत जातो तेव्हां त्यांतलें काय गळतें, कां गळतें, आणि गळालेलें कोठें राहतें?

प्रथम सोंगट्यांचा पट पाहूं. प्रत्येक भुजेवर आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे २४ घरें. चार भुजांचीं मिळून ९६. आणि मध्यें सर्वांनीं शेवटीं पोंचावयाचें एक मोठें घर. चार रंगांच्या चार-चार, म्हणजे सोळा सोंगट्या. लांबट फाशांनीं खेळला तर चौसर, कवड्यांनीं खेळला तर पचिशी. पंचवीसाच्या मोठ्या दानावरून हें दुसरें नांव पडलें. सोंगटी मधल्या घरांतून निघते, सारा पट फिरते, वाटेंत मारली गेली तर पुन्हां आरंभापासून चालूं लागते, आणि शेवटीं जेथून निघाली तेथेंच परत येते. फत्तेपूर शिक्रीस अकबराच्या राजवाड्याच्या चौकांत हा पट फरसबंदीवर आंखलेला आजहि दिसतो. अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’ ग्रंथांत चौपटाचें वर्णन केलें आहे, आणि बादशहानें त्यावरून सोळा खेळाडूंचा व चौसष्ट सोंगट्यांचा ‘चंदल मंडल’ नांवाचा निराळाच खेळ रचल्याचेंहि लिहिलें आहे. म्हणजे एकाच खेळाचीं निरनिराळीं रूपें ही कांहीं यंत्रयुगाची नवलाई नव्हे. आमच्या नाशिकजवळच्या पांडवलेण्यांच्या खडकावरहि खेळांचे पट कोरलेले आढळतात. तेथें कोण कोणाशीं खेळलें हें दगडास विचारून कळावयाचें नाहीं, पण खेळावांचून माणसाचें कोठेंच भागलें नाहीं एवढें तो दगड सांगतो.

हा पट समुद्रापार गेला. अमेरिकेंत १८७४ सालीं ‘पार्चीसी’ या नांवाची व्यापारी नोंद झाली, आणि इंग्लंडांत १८९६ सालीं ‘लुडो’ नांवाच्या त्याच्या सुटसुटीत रूपाचें पेटंट घेतलें गेलें. लुडो हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ ‘मी खेळतों’. या नांवांतच मोठा फरक येऊन गेला आहे असें आम्हांस वाटतें. आमच्या चौसरांत ‘मी’ खेळत नसे, ‘आम्ही’ खेळत असूं. समोरासमोर बसलेले दोघे जोडीदार असत. एकाच्या चारहि सोंगट्या घरीं पोंचल्या तरी जय होत नसे, जोडीदाराच्याहि पोंचाव्या लागत. कुशल खेळाडू आपली सोंगटी घरांत नेण्याची घाई न करतां जोडीदाराच्या साह्यास ती मागें ठेवीत. विलायती पटावर ही जोडी सुटली. कवड्यांच्या जागीं एक ठोकळा आला, आणि सोंगटीस निर्भय बसतां येईल अशा फुल्या नाहींशा झाल्या. पट दिसावयास तोच राहिला. त्यावर बसणारीं माणसें मात्र चार ठिकाणीं चार झालीं.

दुसऱ्या कागदाची कथा याहून अधिक बोलकी आहे. त्यास आमच्या इकडे मोक्षपट म्हणत. उत्तरेंत ज्ञानचौपट म्हणत. महाराष्ट्रांत त्याचें कर्तृत्व ज्ञानदेवांकडे देण्याची परंपरा आहे. आज पाहावयास मिळणारे पट अठराव्या शतकाच्या अलीकडचे असल्यामुळें त्या परंपरेस त्यांचा आधार मिळत नाहीं; पण ज्या समाजानें हा खेळ ज्ञानदेवांच्या नांवानें ओळखला, त्यानें तो किती आदरानें जपला असेल हें त्यावरून कळतें. या पटावर रिकामें घर नसतें. बहात्तर घरांच्या एका प्रसिद्ध मांडणींत पहिलें घर जन्माचें. चोविसावें कुसंगाचें, तेथें सापाचें तोंड आहे, आणि तो साप सातव्या, मदाच्या घरीं नेऊन टाकतो. एकोणतिसावें अधर्माचें, तेथून सहाव्या, मोहाच्या घरीं पतन होतें. चोपन्नावें भक्तीचें, तेथून शिडी एकदम अडुसष्टाव्या घरीं, वैकुंठास पोंचते. आतां गंमत अशी कीं, खेळ अडुसष्टाव्या घरीं संपतो, बहात्तराव्या घरीं नव्हे. जो वैकुंठ ओलांडून पुढें गेला तो शेवटच्या घरीं तमोगुणाच्या सापास सांपडून एक्कावन्नाव्या घरीं, पृथ्वीवर, परत येतो. सर्वांत मोठा आंकडा म्हणजे सर्वांत मोठें पद नव्हे, हें तत्त्व सांगावयास प्रवचन लागत नसे. सहा वर्षांचें पोर एकदां घसरलें कीं त्यास तें कायमचें कळे.

याहि पटाचीं प्रांतोप्रांतीं व पंथोपंथीं रूपें निराळीं होतीं. जैनांचा पट बहुधा ८४ घरांचा, आणि तो पर्युषणाच्या दिवसांत खेळत; मुसलमान सूफींचा १०० घरांचा. एकाच्या शिखरावर वैकुंठ, दुसऱ्याच्या सिद्धलोक, तिसऱ्याच्या ईश्वराचें सिंहासन. शिड्या त्याच, साप तेच; चढावयाचें कोठें हें मात्र ज्याचें त्यानें ठरविलें. पेशवाई बुडाल्यावर पुण्यास कलेक्टर राहिलेल्या हेन्री डंडास रॉबर्टसन यानें असा एक पट लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीस १८३१ सालीं दिला. तेथें त्यास ‘शास्त्र्यांचा स्वर्गनरकाचा खेळ’ अशा अर्थाचें नांव मिळालें. पुढें औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरचे, पंडित हरिकृष्ण यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ‘बृहज्ज्योतिषार्णव’ या प्रचंड ग्रंथांत ‘क्रीडाकौशल्य’ नांवाचा स्वतंत्र भाग खेळांसाठीं लिहिला. ज्योतिषाच्या ग्रंथांत खेळांस जागा देणारा हा विद्वान आम्हांस फार दूरदर्शी वाटतो.

इंग्लंडांत सापशिडीचा खेळ १८९२ च्या सुमारास बाजारांत आला. आरंभीं तेथल्या पटांवरहि नीति होती. पण ती व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या मध्यमवर्गाची नीति होती. काटकसर, पश्चात्ताप व उद्योग यांच्या शिड्या. त्या संतोष, कृपा व यश यांजपाशीं पोंचत. चैन, अवज्ञा व आळस यांचे साप. ते रोग, अपकीर्ति व दारिद्र्य यांत नेत. मोक्ष गेला आणि त्याच्या जागीं यश आलें. आमच्या पटावर शिड्यांहून साप अधिक असत, कारण पतन सोपें व उन्नति अवघड अशी आमच्या पूर्वजांची समजूत; विलायतेंत दोहोंची संख्या सारखी झाली. पुढें तीहि नीति पुसली गेली व नुसते आंकडे राहिले. अमेरिकेंत तर १९४३ सालीं मिल्टन ब्रॅडली कंपनीनें साप काढून टाकून त्यांच्या जागीं मुलांच्या बागेंतल्या घसरगुंड्या घातल्या. ज्या खेळांत साप हाच गुरु होता, त्यांतून सापच गेला! आणि शेवटीं तोच आंकड्यांचा पट, पुठ्ठ्याच्या एका बाजूस लुडो व दुसऱ्या बाजूस सापशिडी असा छापला जाऊन, आमच्याच बाजारपेठेंत आला. आम्हीहि लहानपणीं तोच विकत घेतला, आणि माळ्यावरच्या पेटींत काय आहे हें वडिलांस विचारलें नाहीं.

आतां नातवाच्या हातांतल्या यंत्राकडे वळूं. पडद्यावर खेळावयाच्या शर्यतींत जपानच्या निन्टेंडो कंपनीचा १९९२ सालचा ‘सुपर मारिओ कार्ट’ हा आतां अभिजात मानला जातो. त्याच्या कर्त्यांनींच सांगितलें आहे कीं, आरंभीं त्यांत मारिओ नव्हता. दोघांनीं एकाच वेळीं खेळावयाची शर्यत रचावी एवढाच विचार होता, आणि गाडींत बसविलेला चालक कोणी अनामिक कामकरी होता. पुढें त्याच्या जागीं मारिओ बसवून पाहिला आणि तो शोभला. याच खेळाच्या जपानी रूपांत शर्यत जिंकल्यावर राजकन्या व तिचा वैरी बाउझर हे शँपेनची बाटली तोंडास लावतात. पाश्चात्य देशांत पाठवितांना तें मद्यपान काढून टाकण्यांत आलें. १९९६ सालच्या ‘मारिओ कार्ट ६४’ मध्यें जपानी मार्गांच्या कडेस एका प्रसिद्ध सिगारेटच्या जाहिरातीचें विडंबन करणाऱ्या पाट्या होत्या. बाहेरच्या आवृत्तींत त्या बदलल्या. त्याच खेळाच्या आरंभींच्या प्रदर्शनांत एक जादूगार स्पर्धक म्हणून दिसला होता. तयार खेळांत त्याची जागा डाँकी काँग या वानरानें घेतली.

वेगाचाहि भेद होता. जपान व अमेरिका येथें दूरचित्रवाणीचा पडदा सेकंदास साठ वेळां उजळे, युरोपांत व हिंदुस्थानांत पन्नास वेळां; त्यामुळें कित्येक खेळ युरोपांत जवळजवळ सहाव्या हिश्शानें मंद धांवत. शर्यत तीच, गाडी तीच, पण देश बदलला कीं घोडदौडीची दुडकी होई!

आमच्या महाराष्ट्रांतली गोष्ट तर याहूनहि विचित्र. येथें १९९० नंतरच्या दशकांत मुलांनीं जी मोटारशर्यत सर्वांत अधिक खेळली, ती बहुधा कोनामी कंपनीची ‘रोड फायटर’ असावी. मूळ खेळ १९८४ सालचा, घरगुती यंत्रावर १९८५ सालीं आलेला. तो येथें रीतसर मार्गानें आलाच नाहीं. नकली यंत्रांच्या ‘कॅसेटीं’तून आला. कॅसेटीच्या वेष्टनावर हजारों खेळांचें आमिष असे. उघडून पाहावें तर खेळ मोजकेच, आणि तेच पुन्हां पुन्हां निराळ्या नांवांनीं, कधीं मधल्याच टप्प्यापासून सुरू होणारे. कर्त्याचें नांवहि ठाऊक नसतां आमच्या मुलांनीं त्या तांबड्या गाडीचें पेट्रोल संपूं नये म्हणून जिवाचें रान केलें. प्रांतभेद नेहमीं कर्ताच करतो असें नाहीं. कित्येकदां तो बाजार करतो.

परंतु नातवाच्या बोलण्यांतली खरी महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. या खेळांतून जें वगळतात तें पुष्कळदां पुसलें जात नाहीं. चित्रें, ध्वनि, अर्धवट आंखलेले मार्ग तयार मालाच्या स्मृतींत तसेच राहूं देतात. कारण शेवटच्या घटकेस पुसावयास जावें तर नवीन दोष उत्पन्न होण्याचें भय असतें. २००५ सालच्या ‘मारिओ कार्ट डीएस’ या खेळाच्या स्मृतींत असे चाचणीचे व टाकून दिलेले कितीतरी मार्ग हौशी संशोधकांस सांपडले. खेळणारास ते कधींच दिसावयाचे नव्हते. या लोकांनीं ते उघडले, आवृत्त्यांशीं आवृत्त्या ताडून पाहिल्या, आणि कोणत्या देशांत काय बदललें याच्या बारीक नोंदी केल्या. पाठभेद नोंदवून ग्रंथ शुद्ध करणाऱ्या आमच्या पंडितांचेंच हें काम. फरक इतकाच कीं, पोथीच्या जागीं मोटारीची शर्यत आहे. हंसण्याजोगें त्यांत कांहींहि नाहीं.

वगळण्याचीं कारणें पाहिलीं तर तीं तीन दिसतात. एक, पाहुण्याच्या घरचा संकोच: जपान्यास जें मद्य विनोदी वाटलें तें अमेरिकेंतल्या आईबापांस रुचलें नसतें, आणि हिंदुस्थानच्या मुलास जो साप शिकवी तो तेथल्या मुलांस नकोसा ठरला. दुसरें, सोय: सात कवड्या मोजण्यापेक्षां एक ठोकळा सोपा, आणि बहात्तर नांवें छापण्यापेक्षां शंभर आंकडे स्वस्त. या दोनहि कारणांचा आम्हांस राग नाहीं. घर बदललें म्हणजे सामान थोडें कमी करावेंच लागतें. पण तिसरें कारण निराळें आहे, आणि तें परक्यांचें नसून आमचें आहे. तें म्हणजे विसर. विलायतेंत मोक्ष गळाला तो तेथें त्याचा कोणास उपयोग नव्हता म्हणून. दिंडोरींत तो गळाला तो आम्हीं पेटी उघडली नाहीं म्हणून.

खेळ परत आला हेंहि खरें. नवी मुंबईच्या गेमशन टेक्नॉलॉजीज या संस्थेनें २०१६ सालीं ‘लुडो किंग’ हा खेळ काढला, आणि २०२० सालच्या टाळेबंदींत तो घरोघर पोंचला. निरनिराळ्या गांवीं अडकलेलीं भावंडें एका पटाभोंवतीं बसलीं. हें पाहून आमच्या डोळ्यांत पाणी आलें होतें हें कबूल केलें पाहिजे. आमच्या इकडच्या लुडोवर तारे काढलेलीं निर्भय घरें असतात. विलायतेंत हरवलेल्या फुल्याच त्या रूपानें परत आल्या असें म्हणावयास हरकत नाहीं. त्याच खेळांत सापशिडीहि आहे. परंतु ज्या महाराष्ट्रांत हा पडद्यावरचा पट तयार झाला, तेथलें मूल त्यास इंग्रजी नांवानें ओळखतें व तो विलायतेहून आला असें समजतें. सोंगटी सारा पट फिरून मूळ घरीं आली खरी, पण घर तिला ओळखीत नाहीं.

कोणी म्हणेल, खेळ तो खेळ. रिकाम्या वेळच्या करमणुकीस इतकें महत्त्व कशाला? आमचें उत्तर असें कीं, समाज मुलांच्या हातीं काय देतो यावरून तो कशास जय म्हणतो हें कळतें. एकानें यशास जय म्हटलें, एकानें मोक्षास, एकानें नुसतें शंभरास. हे निर्णय कोणत्याहि ठरावांत नोंदलेले नाहींत; ते पटावरच आहेत. पट गेला कीं पुरावा गेला.

त्या दिवशीं सायंकाळीं नातू मोक्षपटाजवळ बसला आणि एक एक घर वाचूं लागला. अक्षर लागेना तेथें आम्ही सांगूं, आणि तो वहींत उतरून घेई. वाळवीनें खाल्लेल्या कोपऱ्याशीं येऊन तो थांबला व म्हणाला, “आजोबा, येथें काय होतें?” आम्हांस सांगतां येईना. छापलेल्या बहात्तर घरांच्या मांडणीवरून तें भरून काढावें म्हणावें, तर आमच्या पटाचीं घरें तितकीं नाहींत व क्रमहि जुळत नाहीं. पटापटांतला जो भेद इतका मोलाचा, त्याच्यामुळेंच एका पटाची तूट दुसऱ्यानें भरतां येत नाहीं. ज्या आजीनें हा पट आमच्या लहानपणीं मांडला असता, तिला आम्हीं कधीं मांडावयास सांगितलें नाहीं. जपानी खेळांतला टाकाऊ मार्ग यंत्राच्या स्मृतींत सुरक्षित राहिला. आमच्या आजीच्या स्मृतींतले मार्ग तिच्याबरोबर गेले.

म्हणून वाचकांस एवढीच विनंती आहे कीं, ज्यांच्या घरीं असा कापडी किंवा कागदी पट असेल त्यांनीं तो झटकून फेकून देऊं नये. घरांचीं नांवें क्रमानें उतरून घ्यावींत. साप कोठून कोठें जातो, शिडी कोठें लागते, कवड्या किती, दान कसें मोजीत, हें घरांतल्या वडील माणसांस विचारून लिहावें, आणि गांवाचें नांव घालावें. त्याची एक प्रत नाशिकच्या १८४० सालीं स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयास किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळास द्यावी. आमची प्रत तयार आहे. तिच्यांत वरच्या डाव्या कोपऱ्यांतलीं घरें नातवानें आंखून कोरीं ठेवलीं आहेत. दिंडोरी तालुक्यांतल्या दुसऱ्या एखाद्या माळ्यावर त्याच हातचा दुसरा पट निघेल आणि तीं भरतां येतील, अशी त्याची आशा आहे. आणि त्याची आशा आम्हांस मोडवत नाहीं.